दोन आटे हाताने

चष्म्याच्या दांडीतला स्क्रू किती आवळायचा हे मला कुणी सांगावं लागत नाही. दुकानातल्या सगळ्या नाजूक फ्रेमा शेवटी माझ्याच टेबलावर येतात. तरी त्या दुपारी एका आजीबाईंच्या चष्म्याचा स्क्रू मी असा काही पिळला की आटेच गेले. स्क्रू आपला गोल गोल फिरत राहिला, कुठे धरेना. आजीबाई समोरच बसल्या होत्या, चष्म्यावाचून डोळे बारीक करून माझ्या दिशेने उगीच हसत होत्या, आणि मला त्यांच्या हसण्याचाही राग आला. त्यांचा काय दोष? दुकानाच्या मालकीणबाईंनी मध्येच आपला फोन माझ्या नाकासमोर धरला होता. "अगं, ही तुझ्या बाबांचीच गाडी ना? विकायला काढली वाटतं." मी फोनकडे पाहिलं आणि हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवतच राहिले. फोटो ओळखीचा होता. लांबलचक बॉनेट, परातीएवढे दोन दिवे, तारांची चाकं, बाजूच्या फूटबोर्डवर टेकवलेलं जादा चाक. एका अंगाला बाबा, दुसऱ्या अंगाला आमचा युवराज, म्हणजे माझा धाकटा भाऊ, हातात फडकं घेऊन. खाली लिहिलं होतं: दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ऐषारामी टूरिंग गाडी विकणे आहे. अर्धवट दुरुस्त. इंजिन आणि चासी पूर्ण. रंग, टप व मागची सीट बाकी. वडील आणि मुलगा यांनी मिळून वर्षानुवर्षं खपून उभी केलेली. खऱ्या हौशी माणसानेच चौकशी करावी.

वडील आणि मुलगा. मिळून. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी वाटेत हातात थांबली आणि आजीबाईंचा स्क्रू गेला. मी त्यांची माफी मागितली, दुसरा स्क्रू बसवून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि मालकीणबाईंना सांगितलं की मी निघते, डोकं दुखतंय. "बरं दिसतंय की डोकं," त्या म्हणाल्या, पण अडवलं नाही. रस्त्यावर आल्यावर नवऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना. तुला काय करायचीय ती गाडी?" मी फोन बंद केला. गाडी मला करायची नव्हतीच. ती विकली, मोडीत घातली, कुणी तिच्यात झाडं लावली तरी माझी ना नव्हती. माझी जागा त्या एका वाक्यात होती, आणि तिथून मला उचलून बाजूला ठेवलं होतं, घरात पाहुणे येणार म्हटल्यावर केरसुणी दाराआड ठेवतात तसं.

आणि तो फोटो. तो मी काढला होता. तेच मला बसमध्ये बसल्यावर आठवलं आणि मी एवढ्या मोठ्याने हुंकारले की शेजारच्या माणसाने पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली. युवराज त्या रविवारी कुठल्याशा मित्राच्या घरून आला होता, इस्त्रीच्या शर्टात, आणि म्हणाला होता, वा, आता गाडीसारखी दिसायला लागली, एक फोटो होऊन जाऊ दे. मी गाडीखालून बाहेर आले. केसात ग्रीस, कोपराला खरचटलेलं. बाबा म्हणाले, तू काढ, तुझा हात हलत नाही. मला केवढं बरं वाटलं होतं. हात हलत नाही म्हणाले, म्हणून मी खूश. युवराजाने दिव्यावर फडकं टेकवलं आणि दात दाखवले. नीट पाहिलं तर फोटोतही दिसतं, त्याच्या हातातलं फडकं पांढरंशुभ्र आहे. घरामागच्या त्या शेडमध्ये एकच पांढरं फडकं होतं आणि ते कुणी वापरत नसे.

गाडी आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या होत्या. एके काळी कुठल्याशा मोठ्या हॉटेलची होती, स्टेशनवरून पाहुण्यांना आणायला. मग हॉटेल बुडालं, गाडी विकली गेली, पुन्हा विकली गेली, आणि शेवटी एका पोल्ट्रीवाल्याच्या मागच्या छपरात जाऊन उभी राहिली. मागच्या सीटवर, जिथे कधी काळी फरचे कोट घातलेल्या बायका बसत असतील, तिथे अंडी. बाबा तेव्हा पंपघरात फोरमन होते. दिवसभर पंप दुरुस्त करायचे आणि घरी येऊन गाडी. आई म्हणायची, करून करून भागला आणि घरी येऊन पुन्हा कामाला लागला. मी शाळेत होते. युवराजाला बाबांनी पहिल्यांदा हाक मारली, हे मी नाकारत नाही. मुलगा म्हणून त्यालाच मारली. तो आला, गाडीखाली डोकं घातलं, तोंडावर गंजाचा भुगा पडला, आणि बाहेर येऊन जो खेळायला पळाला तो परत आलाच नाही. मी दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे आणखी कुणी आहे का ते पाहिलं, आणि पाना माझ्या हातात दिला. त्या दुसऱ्या नजरेचा अर्थ मला कळायला पुढे बरीच वर्षं गेली. आता कळला म्हणून काय करू, बसची खिडकी फोडू?

बाबांचा एक नियम होता, पंपघरातला. काढलेला नट-बोल्ट कधी डब्यात टाकायचा नाही. डब्यात टाकला की अनाथ झाला, म्हणायचे. मग तो कुठला, कुणाचा, शोधत बसा. म्हणून भाग काढला की बोल्ट लगेच जिथला तिथे परत घालायचा आणि नट हाताने दोन आटे फिरवून ठेवायचा. दोनच. पाना लावायचा नाही. त्यामुळे आमची गाडी कित्येक वर्षं नुसती दोन आट्यांवर उभी होती. बघणाऱ्याला वाटायचं पूर्ण जोडलेली आहे, आणि ढकलली असती तर जागच्या जागी विस्कटली असती. मग एकेक भाग पूर्ण झाला की आवळायची वेळ यायची. तो त्यांच्यासाठी सोहळाच. ते स्टुलावर बसायचे, मी खाली पाठीवर, पोत्यावर. पाठीला फरशी गार लागायची, रॉकेलचा वास डोळ्यांत जायचा. मी पाना ओढायची आणि ते आवाज ऐकायचे. नट बसत आला की लोखंड जरा कण्हतं, तेवढ्यात ते म्हणायचे, "बस्स." त्या शब्दावर माझा हात थांबला पाहिजे. पुढे गेला तर आटे जातात, अलीकडे राहिला तर नट सुटतो. आधी आधी मला कळायचंच नाही, ते बस्स म्हणायचे तेव्हा थांबायचं, बास. मग मला आधीच कळायला लागलं. मी आधी थांबायची आणि ते मागाहून बस्स म्हणायचे, अशी पाळी आली. आवळून झालं की नटावरून लोखंडापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. नट पुढे कधी हलला तर रेघ तुटते, लगेच दिसतं. बाबा स्वतः आवळायचे त्यावर पिवळा रंग लावायचे. एकदा पिवळा संपला होता तेव्हा मी आईच्या टेबलावरची नेलपॉलिशची बाटली आणली, लाल. आईच्या नखांवर ती मी कधी पाहिली नव्हती. आई म्हणाली, घे बाई, निदान कुणाच्या तरी अंगाला लागू दे. तेव्हापासून बाबांची खूण पिवळी आणि माझी लाल. पुढचा एक्सल, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट, स्टिअरिंगचे सांधे, ज्याच्यावर माणसांचा जीव असतो ते सगळं लाल. बाबांचं मनगट तोवर दुखायला लागलं होतं. लग्न झाल्यावरही मी रविवारी यायची. मग आई गेली, मग बाबांचे डोळे गेले, काचबिंदू, आणि आमचं काम थांबलं. चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलेल्या मुलीच्या बापाला दिसत नाही. लोक हेही मला हसत हसत ऐकवतात.

घराचं दार युवराजानेच उघडलं. मला पाहून तो दचकला नाही, याचाही मला राग आला. "बरं झालं आलीस," तो म्हणाला. "एक डॉक्टर येतायत बघायला. दातांचे. खूप मोठं नाव आहे त्यांचं. जरा चहाचं बघशील?"

"जाहिरात कुणी लिहिली?"

"मीच. का, चुकलं काही? चासी पूर्ण आहे ना?"

"वडील आणि मुलगा."

त्याने डोळे मिटून घेतले, जणू मी त्याला पूर्वी हजारदा हेच ऐकवलं होतं. खरं तर मी त्याला आयुष्यात कधी काही ऐकवलेलं नाही. तीच तर चूक झाली. "हे बघ," तो म्हणाला, "मी नाही घातलं ते. बाबांनी सांगितलं तसं लिहिलं. आणि तू भांडायला आली असशील तर आज नको. शेड रिकामी झाली की मला तिथे खोल्या बांधायच्यात." आयत्या बिळावर नागोबा, वर नागोबाला खोल्याही हव्यात. मी त्याला खोटारडा म्हटलं, त्याच्या बायकोला ऐकू जाईल असं म्हटलं, आणि स्वयंपाकघर ओलांडून मागे शेडकडे गेले. मला खात्री होती की तो खोटं बोलतोय. त्या खात्रीवर मी तेवढं अंगण पार केलं. कधी नव्हे ते सोपं वाटत होतं: भाऊ वाईट, बाप आंधळा, मी बरोबर.

बाबा शेडमध्ये गाडीशेजारी खुर्चीत बसले होते. स्वच्छ दाढी, नवा सदरा. पाहुण्यांसाठी त्यांनाही पुसून ठेवलं होतं. हात गाडीच्या मडगार्डवर. माझी पावलं ऐकून म्हणाले, "तू? आज रविवार नाही."

"बाबा, जाहिरातीत मुलगा म्हणून कुणी लिहायला सांगितलं?"

ते लगेच बोलले असते तर मी कदाचित वेगळी वागले असते. ते मडगार्डवरून बोटं फिरवत राहिले, जिथे रंग संपतो आणि खरखरीत पत्रा लागतो तिथवर नेऊन परत आणत. "मी," ते म्हणाले. "अगं, विकायची आहे ना. मुलीने आवळलेले नट म्हटलं की घेणारा पाना घेऊन खाली शिरतो. एकेक तपासत बसतो. नुसती शंका आली तरी सौदा मोडतो."

"शिरू दे की खाली. सापडेल का त्याला एक तरी ढिला?"

"सापडणार नाही. ते मला माहीत आहे. तुला ठाऊक, मला ठाऊक. मग जगाला कशाला सांगायचं? तुझं काय कमी झालं त्यात?"

तुला ठाऊक, मला ठाऊक. एवढं हळुवार बोलले, जणू मला दागिना देतायत. मी लहान असताना असल्या वाक्यावर महिनाभर जगले असते; जगलेच आहे. पाहुण्यांसमोर युवराजाच्या पाठीवर हात ठेवून बाबा म्हणायचे, आम्ही दोघं गाडी करतोय, आणि मी चहाचा ट्रे धरून उभी असायची, नखांत काळं, आणि ते माझ्या दिशेने जरासं हसायचे. गुपित असल्यासारखं. मी त्या हसण्याला केवढी जपत होते. एका माणसाला ठाऊक असलं की पुरे, असं मला वाटायचं, कारण तो माणूस बाबा होता. आणि आता तोच माणूस खुर्चीत बसून सांगत होता की आपल्याला ठाऊक आहे म्हणूनच ते पुसलं तरी चालतं. मला त्यांना हलवावंसं वाटलं. त्या स्वच्छ सदऱ्याला धरून गदागदा. मी तसं काही केलं नाही, कारण बाहेर मोटार थांबली आणि युवराजाचा पाहुण्यांसमोरचा आवाज ऐकू आला.

डॉक्टर सभ्य होते, आणि त्यांना गाडीतलं खरंच कळत होतं. तेवढ्याने माझं काम आणखी अवघड झालं, मूर्ख माणसावर रागावणं सोपं असतं. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, मागच्या सीटच्या उघड्या स्प्रिंगांवर तळहात दाबला, टपाच्या नुसत्या सांगाड्यावर बोट वाजवलं. मग युवराजाला विचारलं, "पुढच्या पाट्यांची पानं बदललीत का?" युवराज माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दोन बदलली. बाकीची काढून, घासून, परत घातली." डॉक्टर युवराजाला म्हणाले, "छान. आणि स्टिअरिंगचे बुश?" युवराजाने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "नवे करून घेतले," मी म्हटलं. "उत्तम," डॉक्टर म्हणाले, युवराजालाच. मी भिंत होते. त्यांनी चेंडू मारायचा आणि युवराजाने झेलायचा. बाबा खुर्चीत मान तिरकी करून ऐकत होते. त्यांच्या ओठांवर ते जुनं जरासं हसू होतं.

मग डॉक्टरांनी रुमाल अंथरून गुडघे टेकले, खिशातली बारीक बॅटरी काढली आणि गाडीखाली डोकावले. बराच वेळ बघत होते. "हे नटांवर लाल काय आहे? सगळीकडे दिसतंय. पिवळंही आहे थोडं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना दिसत नव्हतं, पण मी पाहतेय हे त्यांना कळत होतं. आंधळ्या माणसाला तेवढं कळतं. एक शब्द पुरला असता. खूण आहे, मुलीची. गाडी तशीही विकली गेली असती, डॉक्टर आता गुडघ्यांवर होते, हावरटपणा त्यांच्या मानेवर दिसत होता. बाबांनी घसा साफ केला. मग खुर्चीशेजारचा कप उचलला, चहा संपला होता तरी तोंडाला लावला.

"प्रायमर आहे तो," युवराज म्हणाला. "गंज लागू नये म्हणून."

प्रायमर. मला हसू आलं. खरंच आलं, आणि त्या हसण्याच्या मागोमाग राग असा स्वच्छ होऊन वर आला की माझे हात एकदम शांत झाले. मी फळीवरून पाना घेतला. तो जिथला तिथे होता, बाबांनी कुणाला हलवू दिला नव्हता. कोपऱ्यातलं पोतं ओढलं, डॉक्टरांना म्हटलं, "जरा सरका," आणि पाठीवर झोपून आत गेले. फरशी तशीच गार. दुकानात जायच्या साडीतली मी, गाडीखाली, या वयात. वर पुढचा एक्सल, माझ्या लाल रेघा, एकही तुटलेली नाही. इतकी वर्षं कुणी बघत नसताना त्या धरून बसल्या होत्या.

"काय करतेस?" युवराजाचे बूट जवळ आले.

"जाहिरातीत अर्धवट लिहिलंयस ना," मी आतून म्हटलं. "नीट अर्धवट करून देते. जे वडिलांनी आणि मुलाने केलंय तेवढं राहू दे. माझं मी काढून घेते."

पाटा धरणाऱ्या पहिल्याच नटाला पाना लावला आणि उलटा ओढला. सहजी सुटेल तर तो माझ्या हातचा कसला. दोन्ही पाय चाकाला लावून जोर केला तेव्हा लोखंड कण्हलं, लाल रेघ मधोमध तडकली आणि एक कपची माझ्या गालावर पडली.

"उलटं फिरवतेयस," बाबा म्हणाले.

तो स्टुलावरचा आवाज होता. खुर्चीतला नाही. "हो," मी म्हटलं, आणि पाना पुन्हा लावला.

"बाबा, तिला थांबवा," युवराज म्हणाला. "डॉक्टर बघतायत. बाबा, सांगा ना तिला."

मला फक्त बूट दिसत होते, युवराजाचे आणि डॉक्टरांचे, आणि त्यांच्यापलीकडे बाबांच्या चपला, एकमेकींना चिकटून. मी ओढत राहिले. नट मोकळा झाला, बोटांनी फिरायला लागला.

"सोडवू दे," बाबा म्हणाले. "तिनेच आवळलेत."

त्यांचा आवाज थोडा चिरकला. डॉक्टरांचे बूट वळले, थांबले, मग त्यांचं डोकं खाली आलं, उलटं, लालबुंद होऊन. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून विचारलं, "सगळे?"

"लाल सगळे माझे. पिवळे बाबांचे."

"आणि यांचे?" त्यांनी युवराजाच्या बुटांकडे पाहिलं.

"त्याने दिवे पुसलेत," मी म्हटलं. "एकदा."

हेच मला हवं होतं. चारचौघांत, मोठ्याने, बाबांच्या तोंडून. अंगणातून येताना ते मिळालं असतं तर मी रडले असते, चहा केला असता, डॉक्टरांना बिस्किटं वाढली असती. आता मी तिथे पडून होते आणि माझ्यात काहीच विरघळत नव्हतं. एवढं सोपं होतं, दोन शब्दांचं काम, आणि त्यासाठी मला गाडी उसकटायला घ्यावी लागली. बाहेर डॉक्टर बाबांना हळू आवाजात विचारत होते की मग आता हे सगळं परत आवळणार कोण. बाबा म्हणाले, "ते तिला विचारा. मला काय विचारता." मला कुणी विचारेपर्यंत मी थांबले नाही. पहिला नट बोल्टवर परत ठेवला, हाताने दोन आटे फिरवला, दोनच, आणि दुसऱ्याला पाना लावला.